पाव फुगवणारं यीस्ट लस कशी बनवतं?

बाळ जन्मलं की चोवीस तासांच्या आत त्याला हिपॅटायटिस बीची लस टोचतात. पुढे सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंट लशीतून हीच लस पुन्हा दिली जाते. तिच्या खोक्यातलं घडीचं माहितीपत्रक सहसा कोणी उलगडत नाही. उलगडलंच, तर बारीक अक्षरांत एक सूचना दिसते: यीस्टची ॲलर्जी असणाऱ्यांना ही लस देऊ नये.

वाचणारा चक्रावतो. यीस्ट म्हणजे बेकरीवाला पावाच्या मैद्यात घालतो ते. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाढतो माणसाच्या यकृतात. यीस्टला त्याची बाधाच होत नाही. मग काविळीच्या लशीत यीस्ट आलं कुठून?

ते आलं कारण लशीतलं मुख्य द्रव्य यीस्टनेच बनवलेलं असतं. विषाणूच्या आवरणातल्या एका प्रथिनाचं जनुक यीस्टच्या पेशीत घालतात, यीस्ट टाक्यांमध्ये वाढवतात आणि त्यातून ते प्रथिन वेगळं काढून शुद्ध करतात. कितीही शुद्ध केलं तरी यीस्टच्या स्वतःच्या प्रथिनांचा थोडासा अंश मागे राहतो, म्हणून ती सूचना. एका जिवाचं जनुक दुसऱ्याच्या पेशीत घालून मिळवलेल्या अशा प्रथिनाला पुनर्संयोजित प्रथिन म्हणतात आणि ते बनवून देणाऱ्या पेशीला यजमान पेशी. मधुमेहींचं इन्शुलिन, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस, मलेरियाची लस, इतकंच काय, चीजसाठी दूध नासवणारं विकर (एन्झाइम), या सगळ्यांसाठी आज कुठे ना कुठे यीस्ट राबत असतं.

या कामात जनुक पेशीत घालणं हा तुलनेने सोपा भाग. बनलेलं प्रथिन नीट घडी पडून, कामाच्या रूपात हाती येणं हे अवघड. कोणत्या प्रथिनासाठी यीस्ट निवडायचं आणि कोणत्यासाठी नाही, हे तिथेच ठरतं.

आधीची लस रक्तातून यायची

हिपॅटायटिस बीच्या रुग्णाच्या रक्तात अख्ख्या विषाणूंबरोबर, त्यांच्याहून कितीतरी जास्त संख्येने, रिकामे गोळे फिरत असतात. हे गोळे विषाणूच्या आवरणाचे. आत जनुकं नाहीत, त्यामुळे ते रोग पसरवू शकत नाहीत. एकेक गोळा साधारण 22 नॅनोमीटर रुंद, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेषेत पंचेचाळीस हजार मावतील. आपली प्रतिकारशक्ती मात्र ते पाहून खऱ्या विषाणूला ओळखायला शिकते.

मर्क कंपनीत मॉरिस हिलमन यांच्या चमूने याचाच फायदा घेतला. विषाणू बाळगणाऱ्या लोकांच्या रक्तद्रवातून हे गोळे गाळून घ्यायचे, पेप्सिन, युरिया आणि फॉर्मॅल्डिहाइड अशा तिन्ही प्रक्रियांतून न्यायचे आणि त्यांची लस करायची. अमेरिकेत 1981 साली या लशीला परवाना मिळाला. ती परिणामकारक होती. अडचण कच्च्या मालाची होती, कारण तो माल म्हणजे आजारी माणसांचं रक्त. त्याच सुमारास एड्सच्या बातम्या येऊ लागल्या. प्रक्रियेत इतर विषाणूही मरतात असं शास्त्रज्ञ सांगत होते, तरी लोकांच्या मनातली धास्ती जाईना. विषाणूचं आवरण हवं होतं, पण विषाणू आणि रक्त दोन्ही नको होतं.

जीवाणूंनी का भागलं नाही?

तोवर ई. कोलाय या जीवाणूकडून परकी प्रथिनं बनवून घेण्याचं तंत्र हाती आलं होतं. 1982 साली बाजारात आलेलं पहिलं पुनर्संयोजित मानवी इन्शुलिन त्यातूनच बनलं. ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, खायला स्वस्त आणि हाताळायला सोपा. पण विषाणूच्या आवरणाचं प्रथिन त्याच्याकडून धड मिळेना, आणि ते गोळे तर बनतच नव्हते.

कारण पेशीच्या रचनेत आहे. प्रथिन तयार होतं तेव्हा ती अमिनो आम्लांची एक लांबलचक साखळी असते. ती ठरावीक पद्धतीने दुमडली, तिच्यातले गंधकाचे दुवे योग्य जागी जुळले, तरच ती कामाची. माणसाच्या पेशीत आवरणाच्या किंवा पेशीबाहेर जाणाऱ्या प्रथिनांसाठी यासाठी वेगळं दालन आहे: आंतर्द्रव्यजालिका. तिथे घडी घालायला मदत करणारी प्रथिनं असतात, आणि चुकलेला माल वगळायची सोयही. जीवाणूच्या पेशीत असं दालन नाही. परकं प्रथिन भरमसाट बनलं की बऱ्याचदा त्याच्या न उलगडणाऱ्या गुठळ्या होतात. त्या विरघळवून प्रथिनाची घडी प्रयोगशाळेत नव्याने घालावी लागते.

यीस्ट एकपेशीय असूनही या बाबतीत आपल्या बाजूचं आहे. त्याला केंद्रक आहे, आंतर्द्रव्यजालिका आहे, पुढचं गॉल्गी संकुलही आहे. शिवाय ते जीवाणूइतकं नसलं तरी झपाट्याने वाढतं. बेकरीतलं यीस्ट साधारण दीड तासात दुप्पट होतं, तर सस्तन प्राण्यांच्या पेशींना त्यासाठी जवळपास दिवस लागतो. त्याला साधी साखर आणि क्षार पुरतात, आणि ते आपण हजारो वर्षं खात आलो आहोत.

1982 साली ‘नेचर’मध्ये पाब्लो व्हॅलेन्झुएला, विल्यम रटर, बेंजामिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की हिपॅटायटिस बीच्या आवरणाचं प्रथिन यीस्टमध्ये नुसतं तयार होत नाही, तर त्यातून रुग्णाच्या रक्तात दिसतात तसेच गोळे मिळतात. चार वर्षांनी, 1986 साली, यीस्टमध्ये बनलेल्या लशीला अमेरिकेत परवाना मिळाला. माणसासाठीची ती पहिली पुनर्संयोजित लस.

परकं जनुक यीस्टच्या गळी कसं उतरवतात?

लग्नघरात बाहेरचा आचारी बोलावला, तर आपल्या घरची कृती त्याच्या हाती द्यावी लागते. चूल, भांडी, हात त्याचे, पदार्थ आपला. कृती त्याला वाचता यायला हवी, काम कधी सुरू करायचं हे कळायला हवं, आणि कृतीची वही मध्येच हरवता कामा नये. यीस्टशी व्यवहार करताना याच तीन गोष्टींची तजवीज करतात.

पहिली गोष्ट वाचण्याची. डीएनएची भाषा जीवाणूपासून माणसापर्यंत जवळपास एकच आहे, म्हणून यीस्ट विषाणूचं किंवा माणसाचं जनुक वाचू शकतं. फरक तपशिलात असतो. मानवी जनुकांत मधेमधे असे तुकडे येतात की जे प्रथिन बनण्याआधी कापून टाकावे लागतात. यीस्टला ते नीट कापता येतीलच असं नाही, म्हणून ते आधीच वगळलेली प्रत देतात. शिवाय एकाच अमिनो आम्लासाठी डीएनएमध्ये अनेक पर्यायी खुणा असतात आणि यीस्टला त्यांतल्या काही जास्त सवयीच्या. त्या सवयीनुसार जनुकाची अक्षरं बदलून घेतली की काम वेगाने होतं. प्रथिन तेच राहतं.

दुसरी गोष्ट सुरुवातीची. प्रत्येक जनुकाच्या आधी डीएनएचा एक पट्टा असतो. त्याला प्रवर्तक म्हणतात. हे जनुक कधी आणि किती जोरात वाचायचं, हे तो ठरवतो. म्हणून परकं जनुक एकटं न घालता यीस्टच्याच एखाद्या जोरकस प्रवर्तकाला जोडून घालतात. काही प्रवर्तक सतत चालू असतात, काही ठरावीक अन्न मिळालं तरच जागे होतात. हा दुसरा प्रकार फार उपयोगी. परकं प्रथिन बनवण्याचा पेशीवर ताण येतो; म्हणून आधी पेशी भरपूर वाढू द्यायच्या आणि मग अन्न बदलून कामाला लावायच्या.

तिसरी गोष्ट वही न हरवण्याची. 1978 साली कॉर्नेल विद्यापीठात आल्बर्ट हिनेन, जेम्स हिक्स आणि जेराल्ड फिंक यांनी यीस्टमध्ये बाहेरून डीएनए घालून दाखवला. त्यांनी वापरलेल्या यीस्टला ल्युसीन हे अमिनो आम्ल स्वतः बनवता येत नव्हतं. बाहेरून दिलेल्या डीएनएमध्ये ल्युसीन बनवण्यासाठी लागणारं जनुक होतं. मग पेशी ल्युसीन नसलेल्या अन्नावर ठेवल्या. ज्यांनी डीएनए घेतला त्या जगल्या, बाकीच्या वाढल्याच नाहीत. हीच युक्ती आजही वापरतात: हवं असलेलं जनुक अशा जगवणाऱ्या जनुकाच्या जोडीला द्यायचं. त्याहून पक्कं काम हवं असेल, तर जनुक यीस्टच्या गुणसूत्रातच बसवतात. मग पेशी कितीही पिढ्या विभागली तरी ते टिकून राहतं.

आत ठेवायचं की बाहेर काढायचं?

हिपॅटायटिस बीचे गोळे यीस्टच्या आतच साठतात. ते मिळवायचे तर पेशी फोडाव्या लागतात. यीस्टची भिंत चिवट असते. दाबाखाली पेशींचा लगदा अरुंद फटीतून ढकलला तेव्हा कुठे ती फुटते. फुटली की पेशीतली हजारो प्रथिनं एकत्र सांडतात आणि त्यांतून एकच वेचून काढायचं असतं. शुद्धीकरणाच्या पायऱ्या वाढतात त्या इथे.

इन्शुलिनची वाट वेगळी. ते पेशीबाहेरच काढतात. यीस्टच्या एका प्रकारच्या पेशी जोडीदाराला बोलावण्यासाठी ‘अल्फा फॅक्टर’ नावाचा छोटा प्रथिन-संदेश बाहेर सोडतात. त्याच्या पुढच्या टोकाला असलेला तुकडा म्हणजे पेशीबाहेर जाण्याचा पत्ता. हा पत्ता इन्शुलिनच्या आधी जोडला, की यीस्ट त्यालाही आंतर्द्रव्यजालिकेत घेतं, तिथे घडी घालतं, गॉल्गीकडे पाठवतं आणि वाटेत पत्त्याचा भाग कापून टाकतं. कापणारं विकर केईएक्स-2. लायसीन आणि आर्जिनीन ही दोन अमिनो आम्लं शेजारी आली की ते बरोबर त्यांच्यानंतर कात्री चालवतं. माणसाच्या पेशीत प्रोइन्शुलिन (इन्शुलिनचं आधीचं, न कापलेलं रूप) कापणारी विकरं ही याच्याच कुळातली, आणि ती सापडली केईएक्स-2 माहीत झाल्यामुळे. पेशीतला हा सगळा मार्ग उलगडण्यातही यीस्टचाच वाटा मोठा. रँडी शेकमन यांनी प्रथिनं बाहेर सोडू न शकणारी बिघडलेली यीस्ट शोधून त्यासाठी लागणारी जनुकं एकेक करून ओळखली. 2013 सालच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला तो त्यासाठी.

इन्शुलिनमध्ये 51 अमिनो आम्लं, दोन साखळ्यांत विभागलेली: एक 21 ची, दुसरी 30 ची. शरीरात त्या आधी एका मधल्या तुकड्याने जोडलेल्या असतात. मूळ मानवी तुकडा यीस्टला मानवत नाही, म्हणून त्याच्या जागी अगदी आखूड दुवा ठेवतात. घडी पडते, तिन्ही गंधकाचे दुवे जुळतात आणि साखळी बाहेरच्या द्रवात येते. मग तो दुवा बाहेर विकराने कापून उरलेलं काम पूर्ण करतात. यीस्ट स्वतःची फार कमी प्रथिनं बाहेर सोडतं, त्यामुळे द्रवात मुख्यतः आपल्याला हवं तेच असतं. अर्धं शुद्धीकरण आपोआप होतं.

मिथेनॉलवर जगणारं यीस्ट

बेकरीतल्या यीस्टची एक खोड आहे: साखर जास्त झाली की ते ऑक्सिजन असतानाही अल्कोहोल बनवत बसतं. पाववाल्याला आणि दारूवाल्याला ते हवं असतं. प्रथिन बनवणाऱ्याला नको. म्हणून उद्योगाने आणखी काही यीस्ट जवळ केली. त्यांत सर्वांत नावाजलेलं पिकिया पास्टोरिस. फिलिप्स पेट्रोलियम या तेल कंपनीने 1970 च्या दशकात ते वाढवलं होतं पशुखाद्यासाठी. तेव्हा मिथेनॉल स्वस्त होतं आणि पिकिया मिथेनॉल खाऊन जगू शकतं. पुढे तेलाचे भाव भडकले आणि तो हिशेब कोलमडला. पण त्या यीस्टची एक क्षमता संशोधकांच्या लक्षात राहिली.

मिथेनॉल पचवायची पहिली पायरी अल्कोहोल ऑक्सिडेज हे विकर करतं. ऑक्सिजन धरून ठेवण्यात ते कच्चं आहे, म्हणून पेशी ती उणीव संख्येने भरून काढते. मिथेनॉलवर वाढणाऱ्या पिकियात एकूण विद्राव्य प्रथिनांपैकी 30 टक्क्यांपर्यंत हे एकच विकर असू शकतं. इतकं प्रथिन बनवायला लावणारा प्रवर्तक किती ताकदवान असेल! त्याचं नाव एओएक्स-1. मिथेनॉल नसताना तो जवळजवळ पूर्ण बंद असतो. त्याच्यामागे आपलं जनुक जोडलं, की मिथेनॉल हाच सुरुवातीचा इशारा होतो.

टाकीशेजारी हे काम असं चालतं. आधी पेशींना ग्लिसरॉल देतात. त्यावर त्या भराभर वाढतात आणि द्रव दाट पिठासारखा होतो. लिटरमागे शंभर ग्रॅमहून अधिक कोरडं यीस्ट मिळू शकतं. ग्लिसरॉल संपलं की मिथेनॉल थेंबाथेंबाने सुरू करतात. तापमान 30 अंश सेल्सिअसच्या आसपास राखतात. मिथेनॉल जळताना उष्णता फार निघते, म्हणून टाकीच्या भोवतीने थंड पाणी सतत फिरवावं लागतं. आम्लता वाढू नये म्हणून अमोनियाचं द्रावण सोडतात. त्यातून पेशींना नायट्रोजनही मिळतो.

कळीचा प्रश्न: मिथेनॉल किती सोडायचं? कमी पडलं तर उत्पादन मंदावतं, जास्त झालं तर पेशीत फॉर्मॅल्डिहाइड साचून पेशी मरतात. चालवणाऱ्याचं लक्ष असतं विरघळलेल्या ऑक्सिजनच्या आकड्यावर. तो क्षणभर मिथेनॉल बंद करतो. आकडा मिनिटाच्या आत वर उसळला, तर समजायचं की पेशी मिळेल तेवढं लगेच फस्त करत होत्या आणि टाकीत साठा नाही. आकडा जागचा हलला नाही, तर मिथेनॉल साचतंय. हात आखडता घ्यायचा.

हैदराबाद, पुणे, औरंगाबाद

भारतात हिपॅटायटिस बीची लस सुरुवातीला परदेशातून यायची आणि सामान्यांना परवडत नसे. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने 1997 साली पिकियात बनवलेली शानव्हॅक-बी बाजारात आणली. भारतात विकसित झालेली ही पहिली पुनर्संयोजित लस, आणि तिच्यानंतर किमती झपाट्याने उतरल्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने मिथेनॉल खाणारं दुसरं यीस्ट, हॅन्सेन्युला पॉलिमॉर्फा, निवडलं. आपल्याकडच्या वोक्हार्टनेही औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, याच यीस्टकडून मानवी इन्शुलिन बनवून 2003 साली बाजारात आणलं. बंगळुरूच्या बायोकॉनने इन्शुलिनसाठी पिकिया वापरलं.

सीरमची सर्व्हाव्हॅक ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लसही हॅन्सेन्युलातच बनते. तिथेही तत्त्व तेच: विषाणूचं एकच प्रथिन, त्याच्या अनेक प्रती आपोआप जुळून तयार झालेला रिकामा गोळा.

यातली पुढची उडी आर-21 या मलेरियाच्या लशीत दिसते. ती ऑक्सफर्डच्या जेनर इन्स्टिट्यूटने विकसित केली आणि ती बनते पुण्यात. तिच्यात हिपॅटायटिस बीच्या आवरणाच्या प्रथिनालाच मलेरियाच्या परजीवीच्या प्रथिनाचा तुकडा जोडलेला आहे. हॅन्सेन्युला हे जोडप्रथिन बनवतं, प्रथिनांचे गोळे होतात आणि मलेरियाचा तुकडा गोळ्याच्या पृष्ठभागावर येतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या ऑक्टोबरात तिची शिफारस केली. काविळीच्या लशीसाठी शिकलेलं कसब आता मलेरियाविरुद्ध कामाला आलं आहे.

साखरेची अडचण

आचारी कृती तंतोतंत पाळेल, तरी त्याच्या हाताची चव उतरतेच. यीस्टच्या बाबतीत ही चव म्हणजे साखर. बाहेर जाणाऱ्या अनेक प्रथिनांना पेशी ठरावीक जागी साखरेच्या रेणूंची झाडासारखी फांदी चिकटवते. सुरुवात माणसात आणि यीस्टमध्ये सारखीच होते. पुढे माणसाची पेशी फांद्या छाटते आणि टोकाला सियालिक आम्ल लावते. यीस्ट मात्र मॅनोज नावाची साखर एकावर एक चढवत जातं. बेकरीच्या यीस्टमध्ये ही संख्या शंभरावरही जाते. पिकियात ती बरीच कमी असते. माणसाच्या शरीरात मॅनोजने लगडलेली प्रथिनं ओळखून वेचणाऱ्या पेशी असतात. त्यामुळे असं औषध रक्तातून लवकर नाहीसं होतं, कधी त्याविरुद्ध प्रतिक्रियाही उठते.

इन्शुलिनला साखर लागतच नाही, म्हणून यीस्ट त्याला चालतं. हिपॅटायटिस बीच्या प्रथिनावर साखर बसायची जागा आहे. यीस्टमध्ये ती रिकामी राहते, तरी लस काम करते. पण जिथे साखरेवरच औषधाचं आयुष्य अवलंबून आहे, तिथे काय? त्यासाठी तीन वाटा आहेत.

पहिली, साखर बसायची जागाच काढून टाकायची. कोविडवरच्या कॉर्बेव्हॅक्स लशीचं प्रथिन पिकियात बनतं. त्याची रचना करताना टोकाचं, साखर बसू शकणारं एक अमिनो आम्ल वगळलं. अर्धशिशीवरचं एप्टिनेझुमॅब हे प्रतिपिंडही असंच, साखर नसलेल्या रूपात, पिकियात बनतं. दुसरी, यीस्टलाच माणसाच्या सवयी शिकवायच्या. अमेरिकेच्या ग्लायकोफाय कंपनीतल्या संशोधकांनी 2006 साली पिकियाची स्वतःची चार जनुकं बंद केली, बाहेरची चौदा घातली आणि सियालिक आम्लापर्यंत पोचणारी मानवी धाटणीची साखर मिळवून दाखवली. तिसरी, यीस्टचा नाद सोडायचा. रक्त गोठवणारा घटक आठ किंवा बहुतेक प्रतिपिंडं आजही चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून वाढवलेल्या पेशींसारख्या सस्तन पेशींत बनवतात. त्या नाजूक आणि खर्चिक आहेत, पण साखर आपल्यासारखी लावतात.

म्हणून ‘सर्वांत चांगली यजमान पेशी कोणती’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. प्रथिन छोटं, साधं आणि नव्याने घडी घालता येण्याजोगं असेल, तर जीवाणू पुरतात. त्याला गंधकाचे दुवे, गोळ्यांची जुळणी किंवा थेट बाहेरची वाट हवी असेल आणि साखर महत्त्वाची नसेल, तर यीस्टला तोड नाही. साखरेवर सगळं अडत असेल, तर सस्तन पेशींचा खर्च सोसावा लागतो. जन्मलेल्या प्रत्येक बाळाला देण्याइतकी स्वस्त लस बनवायची होती, तेव्हा हिशेब यीस्टच्या बाजूने पडला.

थोडक्यात

- पुनर्संयोजित प्रथिन: एका जिवाचं जनुक दुसऱ्याच्या पेशीत घालून बनवलेलं प्रथिन.
- यीस्टची जमेची बाजू: जीवाणूंसारखं स्वस्त आणि झपाट्याने वाढणारं; प्रथिनाची घडी घालायला आपल्यासारखी दालनं.
- काम कसं चालतं: जनुक प्रवर्तकाला जोडायचं, पेशीत घालायचं, पेशी वाढवायच्या, अन्न बदलून इशारा द्यायचा, प्रथिन वेगळं काढायचं.
- दोन वाटा: हिपॅटायटिस बीचं प्रथिन पेशी फोडून काढतात, इन्शुलिन पेशीबाहेर सोडवून घेतात.
- मुख्य यीस्ट: बेकरीचं सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, मिथेनॉल खाणारी पिकिया आणि हॅन्सेन्युला.
- मर्यादा: यीस्ट प्रथिनावर मॅनोज साखर चढवतं, साखर महत्त्वाची असलेल्या औषधांसाठी सहसा सस्तन पेशी वापरतात.